पिळता येईल असा कान

वजा सत्तावीस. दा खुरे बाजारात
कंटेनरांच्या रांगा, दारादारात
गाड्यांचे सुटे अवयव:
दिवे, आरसे, एक नुसतंच स्टिअरिंग.
ल्हामजावच्या कंटेनरात पडद्यांची भिंत पेटलेली,
सात इंची, नऊ इंची, एक तर एवढा
की माझ्या प्रिउसमध्ये बसवला
तर मला बाहेर बसावं लागेल.

"हाच," एर्खेम म्हणतो.
नऊ वर्षांचा आहे, त्याला दुसरं काय दिसणार.

मी सांगते, आत्ताचा जपानी आहे,
गाडीबरोबर बोटीतून आलेला.
गाडी सुरू केली की त्यातली बाई काहीतरी बोलते,
फार अदबीनं.
चार वर्षं मी रोज तिला "बरं" म्हणते.
रेडिओ नव्वदच्या पुढे सरकत नाही
आणि आमची स्टेशनं सगळी नव्वदच्या पुढे.
नकाशात मी कायम समुद्रात.

ल्हामजाव हसतो.
"सगळ्या प्रिउसवाल्यांचं हेच.
आख्खं उलानबातर बुडालेलं आहे."

मग तो सुरू होतो: कोअर किती, मेमरी किती,
मागचा कॅमेरा फुकट,
आणि रंग बघा, रंग!
मी हातमोज्यासकट बोट टेकवते.
काही नाही.
पुन्हा टेकवते.
पडदा माझ्याकडे बघतो, सरकारी खिडकीसारखा.
"हातमोजा काढा ना, ताई."
"तू ये पहाटे सहाला, पहिल्या भाड्याच्या वेळी,
आणि काढून दाखव."

मला कान हवा. पिळता येईल असा.
रस्त्यावरची नजर न काढता
चाचपून सापडणारा.

कानवाले त्याच्याकडे दोनच.
एकाचा कान डावीकडे, माझं स्टिअरिंग उजवीकडे,
म्हणजे आवाज शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात.
परवाच एकानं दार्खानपर्यंत
स्वतःची राजकीय मतं ऐकवली होती,
त्याला हेही द्यायचं?
दुसरा सात इंची, कोपरा खरचटलेला.
कान पिळला. टक्, टक्, टक्,
हाडाच्या सोंगट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा.
एर्खेमचं तोंड पडलं.
चार लाख वीस हजारांवरून
तीन लाख ऐंशीवर आले, तिथे तोही थकला, मीही.

जुना काढायच्या आधी म्हटलं थांब.
त्यावर एक बटण होतं, घराच्या चित्राचं.
कधी दाबलं नव्हतं;
दुसऱ्याच्या घराची कडी वाजवल्यासारखं वाटायचं.
आज दाबलं.
गोल फिरत बसला बराच वेळ,
मग नकाशा सरकत सरकत एका गल्लीवर थांबला,
गल्लीत चौथं घर.
बाई एक लांब वाक्य बोलली.
मला वाटतं, नाही जमत म्हणाली.
"बरं," मी म्हटलं.
"तारांतल्या तांब्याचे पंधरा हजार देईन,"
ल्हामजाव म्हणाला, पक्कड हातात.

नव्यानं आधी भाषा विचारली.
यादीत मंगोल नव्हती.
शाळेतली रशियन अजून थोडी शिल्लक आहे, ती घेतली.
आता एक पुरुष बोलतो,
पगार थकल्यासारखा.

डांबरी संपेपर्यंत त्यानं नीट आणलं.
पुढे चढ, कोळशाचा धूर,
कुंपणं, कुंपणांच्या आत गेर,
फळ्यांवर खडूनं लिहिलेले आकडे.
"आपण रस्ता सोडला आहे," तो म्हणाला.
मी दुसरा गिअर टाकल्यासारखं केलं, सवयीनं;
प्रिउसला गिअर कुठला.
"आपण रस्ता सोडला आहे.
शक्य असेल तिथून मागे वळा."
मागच्या सीटवरून एर्खेम खिदळायला लागला,
दुपारपासून पहिल्यांदा.
पडद्यावर आमचा बाण,
चारी बाजूंना कोरा करडा रंग.
समोर दिव्यांच्या उजेडात आमचा कुत्रा,
फाटकावर पाय टेकून उभा.

"शक्य असेल तिथून..."
मी कान पिळला, डावीकडे.
टक्, टक्, टक्, टक्.