चटईची रुंदी

जळगावच्या एमआयडीसीत, व्ही सेक्टरमधल्या एका शेडात
मी एकोणीस वर्षं माल चढवून देतोय.
म्हणजे कंटेनरच्या दाराशी उभा राहून
गुंडाळ्या मोजतो, वहीत रेघा ओढतो,
पाचवी रेघ आडवी.

टीव्हीवर एक बाई सांगते
जगाची वाढ यंदा इतके टक्के, पुढल्या वर्षी तितके.
तिच्या मागे एक बाण चढतो, अडखळतो.
हिलालआप्पा मागावरून डोकं न उचलता म्हणतो,
"मना माग बंद पडना, हाई तिले कोन सांगस?"

दाणा तेलातून येतो,
तेल राजकारणातून,
हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.
सकाळी फोनवर भाव येतो, बस्स.
कुठल्याशा सामुद्रधुनीत कुणी जहाज अडवलं
की शेठ चहा तसाच ठेवून उठतात
आणि संध्याकाळपर्यंत चटईचं वजन
दीडशे ग्रॅमनं उतरलेलं असतं.

मग ते वर्ष आलं.
न्हावाशेव्याला आमचे दोन डबे अडकले,
एक जेद्दाहचा, एक दार-एस-सलामचा.
चटई म्हणजे काय, तर चौघांनी जवळ बसायची सोय.
नमाजाला, पंगतीला, बारशाला, मयताच्या घरी.
आणि जगातल्या सगळ्या सरकारांनी
एकाच महिन्यात
चौघांना उठवलं.

शेड गप्प.
इतकं की पत्रा उन्हानं तडकताना ऐकू यायचा,
आणि मेहरूणकडून टिटवी, भरदुपारी.

मे महिन्यात जिल्ह्याकडून एक ऑर्डर आली.
अडीच बाय सहा. एकट्या माणसाची.
दोन हजार नग, तातडीनं.
आप्पानं माग अरुंद केला.
सव्वीस वर्षांत इतकी अरुंद त्यानं विणली नव्हती.
पहिली उतरली तेव्हा तिच्याकडे बघत राहिला.
"हाई काय चटई शे?
हाई ते माप शे."

दार-एस-सलामचा जुमा रोज निरोप पाठवायचा,
"भाई, डब्बा?"
मी लिहायचो, "भाई, पोर्ट."
एवढेच आमचे आंतरराष्ट्रीय संबंध.
श्रावणात त्या नंबरावरचा फोटो बदलला.
एक मुलगी, निळा रुमाल, कपाळावर त्याच्याच आठ्या.
तिनं लिहिलं, "अंकल, डब्बा?"
मी काही विचारलं नाही.
पोर्ट, एवढं लिहिलं,
आणि त्या दिवशी वहीत एकही आडवी रेघ ओढली नाही.

डबा पोचला एकशे एकसष्टाव्या दिवशी.
भाडं आतल्या चटयांहून महाग.

नंतर निवडणुका. इथल्या, तिथल्या.
इथल्यांना सभेसाठी चटया लागतात,
आधी एका रंगाच्या, मग युती तुटते
आणि उरलेल्या गुंडाळ्या कोपऱ्यात उभ्या राहतात
तिकीट न मिळालेल्या माणसांसारख्या.
तिथल्यांना चटया लागत नाहीत.
तिथं कुणीतरी माइकपुढे म्हणतं
बाहेरचा माल महाग करू,
लोक टाळ्या वाजवतात,
आणि आमची रात्रपाळी जाते.
त्या टाळ्यांचा आवाज मी ऐकलाय.
रात्री अकराला सायकल स्टँडवर एकच सायकल असते,
तसा असतो.

अरुंद चटयांतल्या तीनशेचाळीस अजून गोदामात आहेत.
बिल मंजूर व्हायचंय.
एक मी घरी नेली होती. कोकिळानं धाब्यावर वाळवणाला घातली,
वर निजू दिलं नाही.

या मंगळवारी निळ्या रुमालाचा निरोप आला:
सहा बाय नऊ, चारशे नग, शाळेसाठी.
टीव्हीवरच्या बाईला अजून ठाऊक नाही.
तिचा बाण खालीच बघतोय.
आप्पा पाना घेऊन मागाखाली शिरलाय,
रुंदी वाढवायला,
तीन बोल्ट सुटले,
चौथा गंजलाय,
आतून ओरडतोय, "तेल दे रे भो, तेल!"