छीज

नवतप्याचा सहावा दिवस.
इतवारीत लाइट गेली, कूलर शेवटचा घरघरून थांबला
आणि वृंदा वही घेऊन गच्चीवर आली.
टाकीला पाठ टेकून, मोबाइलच्या उजेडात तिनं लिहिलं:
शून्य पॉइंट नऊ, नऊ, नऊ,
आणि पुढे तीन ठिपके, मुंगीच्या पायाएवढे.
"बाबा, हे म्हणजे एक."

मी हसलो.
तेवीस वर्षं सराफ्यात टंच काढतो मी,
नवांशी माझी ओळख जुनी आहे.
मशीनच्या खिडकीत रोज उगवतात ते:
नव्याण्णव पॉइंट नऊ,
फार तर पाठीमागे आणखी एक.
शंभर मी कुणालाच लिहून दिलेलं नाही.
माझ्या बापानंही नाही.
तो कसोटीवर घासायचा, वर तेजाबाचा थेंब सोडायचा,
उरलेल्या रेघेकडं एक डोळा मिटून पाहायचा
आणि म्हणायचा, "चोख आहे.
पण शंभर म्हणू नोको. शंभरात तांबं लपते."

"काहून एक?" मी विचारलं.
"एकाचे तीन भाग करा.
प्रत्येक भाग शून्य पॉइंट तीन तीन तीन, संपतच नाही.
आता तिन्ही परत जोडा."
"आन् छीज?"
"कसली छीज?"

कसं सांगू हिला,
की कापलं की थोडं कात्रीला लागतं, थोडं कानशीला,
थोडं निमाईच्या नखांत राहतं,
तो जेवताना हात धुतो तेव्हा मोरीत जातं.
तीन तुकडे पुन्हा जोडून
पहिल्याइतकंच भरलेलं सोनं
मी तराजूत कधी पाहिलेलं नाही.
पहाटे न्यारेवाले येऊन आमच्या गल्लीची नाली उपसतात,
त्या गाळावर त्यांची लेकरं शिकतात.
ते काय शून्यातून निघालं?

"आकड्यांना कात्री लागत नाही, बाबा."
तिनं वही माझ्याकडं सरकवली.
"बरं, कमी आहे ना?
मग किती कमी, तेवढं लिहा."

हा माझ्या धंद्यातला सवाल होता.
घट किती, हे लिहायचेच तर पैसे घेतो मी.

शून्य पॉइंट शून्य, शून्य, शून्य.
शेवटी एक ठेवायचा होता,
इवलासा, रव्याएवढा.
शून्यं मांडत गेलो.
ओळ भरली, खालची घेतली. तीही भरली.
घाम कोपरावरून पानावर उतरला,
दोन शून्यं एकमेकांत मिसळली.
कुठंही एक ठेवला असता
तर तिच्या नवांना तिथंच अडवावं लागलं असतं.
"ठेवा ना," ती म्हणाली.
पेन तसंच वर राहिलं.

"थकतील की कधीतरी चालून चालून," मी म्हणालो.
"ते चालत नाहीत, बाबा.
सगळे आधीच येऊन बसलेत.
तुम्ही मोजायला लागता म्हणून चालल्यासारखे वाटतात."

माझे नऊ चालतात.
चौथ्या घरापाशी मशीन हात टेकतं,
आणि जिथं टेकतं तिथं
सोनं कमी पडतं.
तिच्या नवांपुढं टेकायला जागाच नाही,
म्हणून तूटही नाही,
म्हणून मधे बसेल असा एकही आकडा
मला त्या रात्री सापडला नाही.
बाप असता तर त्यानं डोळा मिटून पाहिलं असतं.
काय म्हणाला असता, माहीत नाही.

दोन वाजता लाइट आली.
खाली कूलर सुरू झाला, वाळ्याचा ओला वास जिन्यातून वर आला.
वृंदा चटईवर कधीच झोपली होती.
मी आणखी एक ओळ शून्यं लिहिली, उगाच.

सकाळी कळमन्याचा एक मिरचीवाला व्यापारी आला,
पोरीच्या लग्नाचं बिस्किट रुमालात बांधून.
"शंभर आहे ना, भाऊ?"
मी पावती फाडली.
नव्याण्णव पॉइंट नऊ नऊ, लिहिलं.
पुढे पेन तीनदा टेकवायचा मोह झाला.
नाही टेकवलं.
खाली सही केली,
आणि बिस्किट तराजूवरून उचलल्यावर
पितळी पारडं
नेहमीसारखं फुंकून घेतलं.