काट्याची पावती

हर्षल, काल रात्री अकराला तू काट्यावर आलास
आणि टोपी हातात फिरवत विचारलंस,
"काका, तुमचं कसं फिटलं?"
तेव्हा कांद्याच्या गाड्या तुर्भे नाक्यापर्यंत लागलेल्या,
म्हणून आज लिहितोय, पावत्यांच्या कोऱ्या बाजूंवर.

आधी वजन कर.
एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या तोलल्या
आणि स्वतःची तीन वर्षं काट्यावर चढवली नाही.
पाकिटं न फोडता फ्रिजवर.
बँकेचा नंबर मोबाइलात 'नको उचलू' या नावानं.
एका रविवारी शालननं ती सगळी पोळपाटावर ओतली
आणि भेंडी चिरावी तशी एकेक चिरत गेली.
कार्डाचे त्र्याऐंशी हजार, महिन्याला साडेतीन टक्के.
पर्सनल लोनचे एक लाख नव्वद.
ॲपवाल्यांचे अठरा; त्यांची भाषा तुला ठाऊक आहे.
मेहुण्याचे, वसंतरावांचे, चाळीस. बिनव्याजी.
तीन लाख एकतीस हजार.
आकडा कळला त्या रात्री मी घोरलो,
असं शालन म्हणते.

मग रिकामी गाडी तोल.
गाडीचं स्वतःचं वजन कुणाला चुकत नाही:
घणसोलीचं भाडं, ऋतिकाची फी, गॅस, आईच्या गोळ्या.
ते आधी बाजूला काढ.
उपाशी राहून फेडणारे तिसऱ्या महिन्यात
चायनीजच्या गाडीवर सापडतात.
मीही सापडलोय.

आधी कुठलं फेडू, म्हणालास.
जास्त व्याजाचं, असं हिशेब सांगतो, आणि खरं सांगतो.
मी मात्र ॲपचे अठरा आधी संपवले,
कारण त्यांचा फोन ऋतिकाच्या बाईंना गेला होता.
मग कार्ड. कात्रीनं कापून तुकडे कुंडीत पुरले
(तुळशीत नाही, कोरफडीत; शालन ऐकेना).
मर्यादा वाढली तेव्हा पगार वाढल्यासारखे पेढे वाटले होते मी.
बँकेत जाऊन बसलो. लाज वाटली, हो.
समोरचा साहेब तुझ्या वयाचा.
दंड कमी केला त्यानं, हप्ते बांधून दिले,
पण मागितल्यावर. आणि लेखी घे.

दर एक तारखेला काट्याचीच पावती भरायचो:
मागचं, फेडलं, निव्वळ.
ओट्यावरच्या खिळ्याला टोचायचो.
सातव्या महिन्यात आईचा मोतीबिंदू निघाला, वाशीला.
मी पावती भरली नाही. आठव्यातही नाही.
नवव्याच्या एक तारखेला खिळ्यावर शालनचं अक्षर:
मागचं दोन एकोणऐंशी. फेडलं शून्य. निव्वळ दोन सत्त्याण्णव.
खाली बारीक, "वाढलंय. तरी लिहिलंय."
उमेद कुठून आणायची विचारलंस ना?
ती पावती माझ्या पाकिटात आहे, फोटोच्या कप्प्यात.
ये, दाखवतो.

वसंतरावांचे चाळीस काट्याला दिसत नाहीत.
बिनव्याजी पैसा सगळ्यात जड.
लग्नाकार्यात मी त्यांची पंगत टाळायचो,
श्रीखंड वाढायला लागले की हात धुवायला उठायचो.
पाच-पाच करून आठ वेळा कोपरखैरण्याला नेऊन दिले.
एकदाही मोजले नाहीत त्यांनी.
आठव्यांदा म्हणाले, "आता तरी जेवून जा."

पर्सनलचे बासष्ट अजून आहेत.
म्हणून 'फिटलं' म्हणू नकोस. फिटतंय.

आणि एक राहिलं.
माल उतरला की गाडी जास्त वाजते.
फळ्या, साखळ्या, मागचं फाळकं,
काट्यावर चढताना सगळं खडखडतं.
एखादा हप्ता संपेल त्या महिन्यात
खात्यातले पैसे असेच वाजतील,
वाटेल, काहीतरी मोडलंय, काहीतरी भरायला हवं.
नवे ड्रायव्हर उतरून चाकं बघतात.
जुने काच खाली करून
तंबाखू मळत बसतात.