उरलेली आठ बोटं

खंडवा रोड, दुसरा मजला, खोली दोनशे सात.
बावीस यंत्रं, चालू चौदा.
नऊ नंबरचा पडदा मधूनच गुलाबी होतो,
तेव्हा त्याला शेजारून एक चापट मारायची.
हे अभ्यासक्रमात नाही. मी शिकवते.

ही मुलं मिनिटाला किती शब्द लिहितात
मला मोजता येत नाही.
दोन अंगठे, मान खाली,
सिटी बसमध्ये उभ्याउभ्या.
पण फाईल कुठे ठेवलीस विचारलं
की हर्षुल पोरवाल म्हणतो, मॅडम, फोनमध्ये.
फोनमध्ये कुठे?
फोनमध्येच.
जसं कुणी विचारावं पोहे कुठे मिळतील
आणि उत्तर यावं, इंदूरला.

मग मी फळ्यावर कपाट काढते.
कपाटात खण, खणात डबा, डब्यात पुडी,
पुडीवर नाव घाला म्हणते,
'नवीन नवीन फायनल दोन' असलं नको.
डबल क्लिक म्हणजे दार वाजवणं, टकटक.
थांबून थांबून वाजवलंत तर
आतल्यांना वाटतं वसुलीवाला आला,
उघडत नाहीत.

माझे काका कचेरीत शाईचा पॅड सांभाळायचे.
घरी येऊन चपला काढता काढता सांगायचे,
आज सदतीस अंगठेबहाद्दर.
आम्ही हसायचो.
आता माझ्यासमोर एकोणतीस बसतात,
बी. ए. द्वितीय वर्ष,
आणि मला त्यांची उरलेली आठ बोटं
कामाला लावायची आहेत.

एक बोट एफवर, एक जेवर.
बारीक उंचवटा लागेल, तांदळाच्या कणीएवढा.
लागला? आता खाली बघायचं नाही.
रमतू वसुनिया हात वर करते.
मॅडम, इथे काहीच लागत नाही.
मी बघते. खरंच नाही.
किती वर्षांच्या किती तुकड्यांनी घासून नेलेला.
ती म्हणते, आमच्या बापाचा अंगठा असाच,
गुजरातेत विटा उचलून उचलून सपाट,
रेशनचं मशीन त्याला तीनदा परत पाठवतं.
हे ती तक्रार म्हणून सांगत नाही,
ओळखीचं काही भेटल्यासारखं सांगते.
मी तिला अकरा नंबरवर बसवते.

गुरुवारी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस.
सहा आकडे तिच्या बापाच्या फोनवर गेले,
जोबटच्या पलीकडे,
टेकडीवरच्या ज्या एका दगडावर रेंज येते तिथे,
आणि बापाला आकडे येत नाहीत.
दहा मिनिटं.
तिने फोन स्पीकरवर टाकला, भिलीत काही विचारलं.
पलीकडून आधी वारा आला,
एक बकरी ओरडली,
मग तो सावकाश बोलू लागला.
अर्थ तिने आम्हाला नंतर सांगितला:

काठी.
मडक्यावर मडकं.
विळा.
परत काठी.
परत विळा, हो, तोच.
आणि हे, अंडं.

अदनान मन्सूरीने कानातलं काढून ठेवलं होतं.
नऊ नंबर गुलाबी झाला, कुणी उठलं नाही.
ती पडद्याकडे बघत होती,
बोटं खाली आपली आपण चालत होती
आणि दोन्ही अंगठे मोकळे, जरासे हवेत,
ओझं उतरवून ठेवल्यावर राहतात तसे.

हिरवी खूण आली.
बापाने विचारलं असावं, झालं का,
कारण ती म्हणाली, हो, आणि तू खाली उतर आता, ऊन आहे.

रजिस्टरात 'आज घेतलेला भाग' असा रकाना असतो.
मी 'इनपुट' लिहिलं. खोडलं.
लिहिलं, अंकलिपी.

विभागप्रमुखांनी त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढून
रजिस्टर परत पाठवलं आहे.
अजून उत्तर दिलेलं नाही.
नऊ नंबर मात्र दुरुस्तीला गेलं,
आणि चापट कुणाला मारायची ते न कळून
हर्षुल रिकाम्या टेबलाशी उभा आहे.