नंबर न पडलेला कुंभा

कळे सोडल्यावर, गगनबावड्याच्या रस्त्याला
झाडांवर नंबर टाकायचं काम मला मिळालं.
छातीएवढ्या उंचीवर साल तासायची,
पांढरा पट्टा, त्यावर लाल आकडा.
दिवसाला साठ झाडं. रंग ठेकेदाराचा, ब्रश माझा.

दोनशे बाराच्या पलीकडं एक बाई उभ्या होत्या,
मगदूम बाई, कॉलेजात शिकवायच्या, आता रिटायर.
डोळ्याला भिंग, नाक पानाला टेकलेलं.
मला वाटलं, कायतरी हरवलंय.
"हरवलेलंच हुडकतोय," म्हणाल्या. "बघ की."

कुंभ्याचं कोवळं पान त्यांनी उन्हाकडं धरलं.
आत एक वाट होती.
आधी केसाएवढी, मग सुतळीएवढी,
वळसे घेत गेलेली,
मधल्या शिरेला बिचकून मागं फिरलेली.

पानाला जाडी असते हे मला तेव्हा कळलं.
वरचा पापुद्रा छत, खालचा जमीन,
त्या दोहोंत अळी जन्मते,
खात खात सरकते,
मागं काळी बारीक रेघ सोडते.
बाराव्या दिवशी वाट संपते. तिथं एक फट.
त्यातून रेशमाच्या तारेवर ती खाली उतरते,
पाचोळ्यात भाताच्या तुसाएवढा कोश विणते
आणि झोपते, थेट पुढच्या चैत्रापर्यंत.
मग पतंग. तीन रात्रींचा.
"जिऱ्याएवढा. पंखाला चांदीची झालर.
एकदाच बघितलाय, एकोणनव्वद साली,
कंदिलाच्या काचेवर.
शिंकलो, आणि गेला."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.
तेव्हापासून त्या एका शिंकेची भरपाई करत
त्या हा घाट हिंडतायत.
अर्धी भाकरी आणि खर्डा माझ्या हातावर ठेवला.
झाड तोडणार काय, हे विचारलंच नाही.
लाल आकडे त्यांनाही वाचता येत होते.

मी पुढं गेलो. ऐनावर टाकलं दोनशे तेरा.

संध्याकाळी मुकादमानं वही बघितली.
"एकोणसाठच?"
"रंग संपला," म्हणालो.
डबा हातात हिंदकळत होता.

नंबर नाही म्हणून झाड वाचतं, असं काही नसतं.
उलट कधी कधी तेच आधी जातं,
कागदावर ते नसतंच, म्हणून.
हे मला ब्रश उचलतानाही ठाऊक होतं.

चैत्रात एकदा जाऊन यायला पाहिजे.
माझ्याकडं भिंग नाही.
पान असलं तर
उन्हाकडं धरता येईल.