दोन बोटं

कसाल तिठ्यावर माझं लेथ.
समोरून हायवे, मागे फणसाची सावली,
मध्ये मी, पापण्यांत लोखंडाचा कीस.

रुजाय फर्नांडिस गाडी रिव्हर्स घेतच दारात आला.
चार चाकी, निळी,
दरवाज्यावर पुसट झालेला सांत आंतोन,
हौद्यात चिऱ्यांची लाल धूळ.
"मेस्त्र्यानू, वळणार मागल्यान कंबार हलयता ही.
चाकां जरा भायर काढा."
"किती?"
त्यानं दोन बोटं दाखवली.

पण कुणाची दोन?
माझी सुतळीसारखी,
त्याची चिरे उचलून उचलून केळ्यांएवढी.
मी व्हर्निअर लावला त्याच्या बोटांना.
अडतीस मिलिमीटर.
गुदगुल्या झाल्यासारखा हसला.

मग सांगायचं ते सगळं सांगितलं.
चाक बाहेर सरकलं की भारही बाहेर टेकतो.
आधी ते बेअरिंगला कळतं,
मग स्टडना,
ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी.
त्यापेक्षा कोल्हापूरला भंगारात जा,
मोठ्या गाडीचा अख्खा ॲक्सल उचल,
त्याची रुंदी हाडातलीच असते,
पाट्यांच्या बैठका मी सरकवून देतो.
ॲक्सल चाळीस हजार.
रुजायकडे अकरा,
त्यातले दोन फेस्ताच्या वर्गणीचे.

लोक म्हणतात लेथ गातं.
माझं कुरकुरतं.
दोन दिवस ते कुरकुरत राहिलं आणि
पोलादाच्या दोन जाड चकत्या उतरल्या,
आतून हबवर चपखल बसणारी कड,
सहा भोकं गाडीकडे, सहा स्टड चाकाकडे.
जॅक काढला तेव्हा गाडी
पोतं पाठीवर घ्यायला पाय फाकून उभ्या
हमालासारखी दिसली.

"पन्नास किलोमीटर झाले की ये, नट आवळायचे.
मग पाचशेला. मग दर महिन्याला."
"फेस्त झाल्यार येतंय."

आला तो चौथ्याच दिवशी, तक्रार घेऊन.
खाणीकडच्या सड्यावर
त्याच्या बापाच्या गाडीनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या आहेत,
जांभ्यात घोट्याइतक्या खोल.
पुढची चाकं सवयीनं आत उतरतात,
मागची आता काठावर चढतात,
गवत तुडवत, खडखडत जातात,
आणि गाडी अर्धी बापाची, अर्धी कुणाचीच नाही.

'चाकोरीबाहेर' हा शब्द
मी सातवीत निबंधात घातला होता,
गुरुजींनी त्याखाली लाल रेघ मारून 'छान' लिहिलं होतं.
त्याचं माप अडतीस मिलिमीटर असतं
हे त्यांनाही ठाऊक नसणार.

"वळणार हलता काय अजून?"
"नाय. वळणार देवळासारखी स्थिर."
"मग सड्यावर हळू जा."
"किती हळू?"
ह्याला माझ्याकडे व्हर्निअर नव्हता.

आलाच आहे म्हणून टायरखाली दगड लावले,
पान्ह्याला पाइप जोडला.
एक, दोन, तीन, चार, पाच: जागचे हलले नाहीत.
सहावा पाव फेरा फिरला.

रुजाय फणसाकडे बघत राहिला.
मी पाइप खाली ठेवला,
दुसऱ्या बाजूचे सहाही बघितले,
मग खडू घेऊन दरवाजा उघडला
आणि आतल्या पत्र्यावर,
सांत आंतोनच्या पाठीवर,
पुढची तारीख लिहिली.