ओला, सुका आणि

सकाळी सव्वासातला गाणं वाजवत
कचरागाडी येते आमच्या रामबागेतल्या गल्लीत.
ओला वेगळा, सुका वेगळा,
आणि मागच्या अंगाला एक लहानसा कप्पा,
ज्याचं नाव आम्ही बायका घेत नाही,
नुसती हनुवटी तिकडे करतो.

माझं थांबून नऊ वर्षं झाली होती.
नऊ वर्षं मोकळी:
महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या माझ्या,
पुरणाचा घाट माझा,
"आज चालतंय ना?" असं कुणी विचारायचं नाही.

पौषात पहिला डाग.
म्हटलं, तिळगूळ बाधला. धण्याचं पाणी प्यायले.
माघात पुन्हा. म्हटलं, ह्यांचा गुडघा होऊन जाऊ दे.
गुडघा झाला.
मग नातवाची मुंज.
मुंजीत मोतिया रंगाची काढून ठेवलेली नेसले नाही,
गर्द जांभळी नेसले.
सगळ्या म्हणाल्या, काय खुलतेय तुम्हांला!

दुखत नव्हतं, हेही खरं.
दाढ दुखली तेव्हा मी जेल रोडच्या औषधवाल्याला
रात्री अकराला शटर वर करायला लावलं होतं.
पण हे कुठल्या शब्दांत सांगायचं,
एकसष्टाव्या वर्षी, आणि कुणाला?
सुनेला सांगितलं असतं तर ती काहीच बोलली नसती.
फक्त देवाची उपकरणी
दुसऱ्या दिवशीपासून तिनं घासली असती.

रामकन्या गाडीमागे उभी असते, रबरी हातमोजे घालून.
चैत्रातल्या एका सकाळी
माझं कागदात गुंडाळलेलं तिनं हातात घेतलं, आणि थांबली.
"काकीजी, बहू तो मायके गई है ना?"
हो, मी म्हटलं.
"और बिटिया पुणे में?"
हो.
ड्रायव्हर हॉर्न देत होता.
ती जवळ सरकली. "मेरी सास ने भी छुपाया था।"
एवढंच.
सासूचं पुढे काय झालं ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
झाकण लावलं तिनं, आणि समोरच्या घराला हाक मारली.

बेचाळीस वर्षं शेजारी झोपणाऱ्याला जे कळलं नाही
ते हिला कळलं,
जिच्या ओंजळीत दर दिवाळीला मी फराळ टाकत आले
वरून,
बोटं लागू न देता.

एम. वाय.ला एकटी गेले, सिटी बसनं.
खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "किसने भेजा?"
रामकन्यानं, मी म्हटलं.
"कौन-सी डॉक्टर हैं?"
आमच्या गल्लीच्या.
तिनं लिहूनही घेतलं.
"तकलीफ कब से?"
बोटांवर महिने मोजायची सवय जुनीच.
पौष, मी म्हटलं.
तिचं पेन अडलं.

रांगेत माझ्या पाठीशी कुणीतरी खाकरलं,
आणि अगदी हळू, मराठीत:
"जानेवारी सांगा, अहो.
मीही तेव्हापासूनच."